हळदीच्या दोऱ्याचे रोहू

मी मासे मोजते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पाण्यातले दिसतात तरी कसे? दिसत नाहीत, तीच तर गंमत आहे. वर्गातली पोरं मोजायला हजेरी घेता येते, मेंढरं मोजायला वाड्याच्या दारात उभं राहता येतं. माशाला ना दार ना हजेरी. तरीही तो मोजता येतो, आणि कसा ते मला पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. शिपायानं डोकावून बघितलं आणि दार ओढून घेतलं.

युक्ती अगदी साधी आहे. शेंगदाण्यांच्या डब्यात मूठभर फुटाणे टाका. डबा चांगला हलवा. मग न बघता एक मूठ बाहेर काढा. मुठीत बरेच फुटाणे आले तर समजा, डब्यात शेंगदाणे बेताचेच आहेत. एखादाच फुटाणा आला तर शेंगदाणे भरपूर. नदीतही तेच. काही मासे पकडायचे, त्यांना खूण करायची आणि सोडून द्यायचे. ते बाकीच्यांत मिसळले की पुन्हा जाळं टाकायचं आणि खुणेचे किती परत येतात ते बघायचं. पुढचं काम त्रैराशिकाचं, सातवीतल्या पोरालाही जमेल असं.

मी संभाजीनगरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर गंगापूर तालुक्यातलं, ऊस आणि कापसाचं. सासर सिडकोत, आणि सासरी मासा शिजत नाही. सासूबाईंना वासही चालत नाही. मी नाथसागरावरून, म्हणजे गोदावरीवरच्या धरणावरून, आले की पिशवी, ओढणी, चपला सगळं दाराबाहेर ठेवायचं आणि कुठंही हात न लावता थेट न्हाणीघरात जायचं, असा त्यांचा दंडक. मात्र मी अंघोळ करून चहाला बसले की त्याच हळूच विचारायच्या, आज किती सापडले म्हणून. न खाणाऱ्यांनाच माशांची जास्त चौकशी असते हे मी तेव्हा शिकले.

तर काम होतं शिवनेच्या तोंडाशी. शिवना कन्नडच्या डोंगरातून निघते आणि आमच्या तालुक्यात खाली येऊन धरणाच्या फुगवट्याला मिळते. पावसाळ्यात तिला लोंढा आला की फुगवट्यातले मोठाले रोहू त्या नव्या पाण्याचा माग काढत वर चढतात आणि उथळात अंडी घालतात. पोटुशी मादी, तिच्यामागं दोन-तीन नर, गुडघाभर पाण्यात नुसती खळबळ. जाळ्यासाठी याच्याहून सोपी जागा नाही, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. अंडी घालायला आलेला मासाच मारला तर पुढच्या साली येणार कोण? मत्स्य खात्याच्या साहेबांच्या मनात होतं की पावसाळ्याचे दोन महिने नदीचं तोंड जाळ्याला बंद करावं. मच्छीमार सोसायटी म्हणत होती की मासे मुबलक आहेत, बंदी कशापायी? मग ठरलं की आधी मोजू. अंडी घालणारे मासे भरपूर निघाले तर तोंड उघडं राहील, थोडे निघाले तर बंद होईल. मोजायचं माझ्याकडं आलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

तोंडाशी पिढीजात जाळं लावणारं एक कुटुंब होतं, त्यातल्या बाईंना मी मावशी म्हणायला लागले. साठीच्या आसपास, उन्हानं रापलेल्या, हाताला कायम ओलसर वास. नवऱ्याबरोबर थर्माकोलच्या तराफ्यावर जायच्या, जाळं ओढायच्या आणि गंगापूरच्या बाजारात मासळी घेऊन स्वतः बसायच्या. चढणीच्या दोन महिन्यांत त्या तोंडाशी जे मिळायचं त्यावर त्यांचं अर्धं वर्ष निघायचं. तोंड बंद झालं तर पहिला फटका त्यांना बसणार हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मला हवे तेवढे जिवंत मासे धरून द्यायला त्याच तयार झाल्या. त्यांचा साधा हिशेब होता की मासे उदंड आहेत, मॅडमला मोजू दे, म्हणजे रोजची कटकट मिटेल.

खुणेसाठी मी पिवळे टॅग मागवले होते. बोटभर लांबीचा प्लास्टिकचा दोरा, त्यावर बारीक नंबर. कपड्यांच्या दुकानात किमतीची चिठ्ठी अडकवायला जसं पिस्तूल असतं तसंच पिस्तूल असतं. पाठीवरच्या पराच्या मुळाशी सुई टोचायची, चाप दाबायचा, दोरा बसला. मासा अंग झटकतो आणि झालं. मी घरी उशीवर इतका सराव केला होता की सासूबाईंनी ती उशी नंतर माझ्याच अंथरुणावर टाकली.

पहिल्या दिवशी, टॅग लावलेला पहिला रोहू मी पाण्यात सोडणार तोच मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांच्यात रीत होती. चढणीचा पहिला मासा गोदामाईचा. त्याला हळदकुंकू लावून परत सोडायचं, मारायचा नाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पुडी काढली, माशाच्या कपाळाला हळद लावली, कुंकवाचं बोट टेकवलं, त्यांच्या मालकांनी काठावरच्या दगडावर नारळ फोडला. मावशी म्हणाल्या, गोदामाय, तुझं तुला. मासा हातातून निसटला आणि त्याच्या पाठीवरचा पिवळा दोरा गढूळ पाण्यात क्षणभर दिसून नाहीसा झाला. माझ्या अंगावर काटा आला. मला ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक खेपेला पहिल्या माशाला हळद लावायचा आग्रह मीच धरला. काठावर बघ्यांची गर्दी व्हायची, बाया लेकरांना कडेवर घेऊन यायच्या, कुणीतरी फोटो काढला आणि तो गावागावांतल्या व्हॉट्सॲपवर फिरला. मला वाटलं, कामाची याहून चांगली जाहिरात कुठली?

बक्षीसही जाहीर केलं होतं. टॅग लागलेला मासा जाळ्यात आला तर टॅग आणून द्या आणि स्टीलचा डबा घेऊन जा. मी हौसेनं डब्यांची चळत आणून ठेवली.

दिवाळीनंतर खरी मजा सुरू झाली. मासे आता फुगवट्यात पांगले होते, खुणेचे आणि बिनखुणेचे मिसळले होते. आता मूठ काढायची पाळी. मी दर बाजाराच्या दिवशी कॉलेजची तासिका आटपून स्कूटरवर गंगापूरला जायची आणि मासळीच्या ओळीत पाटी-पाटी फिरून रोहू मोजायची. काठावरच्या गावांतून फोन यायचे, आज इतके निघाले म्हणून. मासे ढिगानं निघत होते. टॅग मात्र जवळजवळ नाहीच. एखादा आला की मी उड्या मारायची. मग आठवडे कोरडे. डबे तसेच पडून. सासूबाईंनी त्यातल्या एकात शेवया भरल्या, दुसऱ्यात कुरडया.

पण मी खचले नाही, उलट हरखून गेले. खुणेचा मासा सापडत नाही याचा अर्थच मुळी असा की बाकीचे मासे अफाट आहेत. मूठ काढली आणि फुटाणा आलाच नाही. मी हिशेब मांडला, पुन्हा मांडला, आणि जो आकडा आला तो बघून खुर्चीतून उठले. नाथसागरात रोहूंची जत्रा भरली होती. मी अशी उतावळी की बरोबरच्या प्राध्यापकांनी एकदा शांतपणे बघू म्हटलं तर मी त्यांच्यावरच चिडले. ते हसून म्हणाले, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी त्याच संध्याकाळी आकडा साहेबांकडं पाठवला.

सगळे खूश. साहेब खूश, कारण बंदी घालायचं वाईटपण टळलं. सोसायटी खूश. एका वर्तमानपत्रात बातमी आली आणि तीत माझा फोटो, मागं फुगवट्याचं पाणी. सासूबाईंनी ते कात्रण फ्रीजला लावलं. मी पेढे घेतले आणि मावशींकडं निघाले. वाळूजच्या गर्दीत ट्रकांच्या मधून स्कूटर काढताना मी चक्क गाणं म्हणत होते.

मावशी घरापुढं जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. पेढा तोंडात टाकला, दुसरा नातवासाठी पदराला बांधला. मी सगळं सांगितलं, तोंड उघडं राहणार म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मग त्यांनाही मला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं असणार. मला खूश करायला म्हणूनच त्या म्हणाल्या, “आन तुला सांगते पोरी, तुझे हळदीच्या दोऱ्याचे एकबी मासे आमी मारले नाईत. जाळ्यात आले का सोडून देतो. समदेच सोडतेत, पार पलीकडच्या काठाची लोकंबी.”

मी विचारलं, सोडता म्हणजे?

त्यांना माझा प्रश्नच कळेना. त्या मला समजावून सांगायला लागल्या, लहान पोराला सांगावं तसं. देवाला सोडलेलं जनावर आपण मारतो का? त्यांच्या वस्तीशेजारच्या मेंढरं राखणाऱ्या घरांत एखादा बोकड देवाच्या नावानं सोडतात, कानाला खूण करतात, मग तो कुणाच्याही शेतात चरू दे, त्याला कुणी हात लावत नाही. हे मासे तर हळद लावून, नारळ फोडून, समद्यांच्या देखत सोडलेले. पाठीवर हळदीचा दोरा. जाळ्यात आला की लोक पाया पडायचे आणि हलक्या हातानं परत पाण्यात सोडायचे. दोरा काढून द्यायचा म्हणजे देवाच्या अंगावरचं ओरबाडायचं. एका डब्यासाठी असलं पाप कोण करील?

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं. फुटाणे मुठीत येत होते. मूठ भरून येत होते. आणि प्रत्येक माणूस ते फुटाणे श्रद्धेनं डब्यात परत टाकत होता आणि माझ्यापुढं फक्त शेंगदाणे ठेवत होता. मी त्या शेंगदाण्यांवरून जत्रा मोजली होती. मला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना, आणि हसता हसता कपाळावर घाम आला. कारण मासे अफाट आहेत हे साफ खोटं होतं, आणि त्या खोट्यावर नदीचं तोंड उघडं राहणार होतं.

मावशींनी विचारलं, काय झालं. मी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला, त्यांच्याच घरातून शेंगदाणे आणि फुटाणे मागून घेतले आणि ताटलीत सगळं दाखवलं. बाई हुशार. माझं अर्धं बोलून व्हायच्या आतच त्यांची जाळ्यातली सुई थांबली.

“म्हंजी आकडा खाली येणार,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

“आन तोंड बंद होणार.”

त्यांनी ताटलीतले फुटाणे वेगळे केले, शेंगदाणे वेगळे केले, उगाच. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “मंग म्या तुला काई बोललेच नाय, आसं समज.”

मी स्कूटर काढली. मला त्यांचा राग आला नाही, राग आला तो त्या आकड्याचा, जो मी एवढ्या प्रेमानं वाढवला होता. बाई चूक म्हणत नव्हत्या. अर्ध्या वर्षाची भाकरी होती ती. पण कानांनी ऐकलेलं परत कसं घालायचं? घरी आले, सासूबाईंनी तोंड बघितलं आणि फ्रीजवरचं कात्रण न बोलता काढून ठेवलं.

मी साहेबांना फोन केला आणि पुन्हा जाळं टाकायची परवानगी मागितली. या वेळी बाजारावर विसंबायचं नव्हतं. आम्ही स्वतः तराफ्यावर बसून, जाळं उचललं की तिथल्या तिथं मासे बघायचे, नंबर वाचायचे आणि सगळे जिवंत सोडायचे. देवाच्या माशाला धक्का लागणार नव्हता, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती. सोसायटीनं पलीकडच्या काठाचे तीन तराफे दिले. मावशी आल्या नाहीत. त्यांच्या तब्येतीचं काहीतरी कारण त्यांच्या मालकांनी सांगितलं आणि मीही ते मानून घेतलं.

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. थंडी संपत आलेली, पाणी आरशासारखं, लांबवर पाणपक्षी. पहिलं जाळं वर यायला लागलं आणि चंदेरी खवल्यांच्या गर्दीत पिवळं काहीतरी चमकलं. मी ओरडणार होते, पण तराफा हलला असता. मासा हातात घेतला. पाठीवर दोरा, दोऱ्यावर शेवाळ, अंगठ्यानं पुसलं तर खाली नंबर. हा मासा मी पावसाळ्यात माझ्या हातांनी सोडला होता, तो धरणभर फिरून आला होता, आणि आता पुन्हा माझ्या हातात धडपडत होता. लेक सासरहून माहेरी यावी तसं मला झालं. सोडला. पुढच्या ओढीत आणखी एक. मग दोन एकदम. मी नंबर मोठ्यानं वाचत होते, मदतीला आणलेली माझी विद्यार्थिनी दुसऱ्या तराफ्यावरून तो परत म्हणत होती, आणि जाळं ओढणारी माणसं दर वेळी कपाळाला हात लावून नमस्कार करत होती. एवढा आनंद आणि एवढी धास्ती मला एकत्र कधी झाली नव्हती, कारण वर येणारा प्रत्येक पिवळा दोरा सांगत होता की बाकीचे मासे किती थोडे आहेत.

नवा आकडा आला तो जुन्याच्या जवळपासही नव्हता. अंडी घालणारे मासे थोडेच होते, इतके थोडे की मी आकडा पुन्हा तपासला आणि या वेळी प्राध्यापकांनाही तपासायला दिला. त्यांनी मला एकही म्हण ऐकवली नाही.

साहेबांनी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक बोलावली. माणूस सरळ होता, आरडाओरडा करणारा नव्हता. त्यांचं म्हणणं रास्त होतं. एका दिवसाच्या जाळ्यावर अख्ख्या मोसमाचा हिशेब खोडता येत नाही. टॅग सापडले नाहीत असं मीच लिहून दिलं होतं. आता मी जर म्हणत असेन की ते सापडले होते पण लोकांनी सोडून दिले, तर तसं सांगणारं कुणीतरी पाहिजे. त्यांनी समोरच्या सगळ्यांना विचारलं, जाळ्यात खुणेचे मासे आले होते का?

शेडमध्ये पंचवीस-तीस माणसं तरी होती. सगळ्यांनी सोडले होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं की हो म्हटलं की तोंड बंद. कुणी तंबाखू मळायला लागलं, कुणी पत्र्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. मी कुणाला बोट दाखवणार? आणि कोणत्या तोंडानं? मी पगारी बाई, माझं घर नदीवर चालत नव्हतं. मावशी बायकांत मागं बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मी बघितलं नाही.

त्याच उठल्या. पदर सारखा केला.

“म्या सोडले,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. लई आले व्हते.”

त्यांच्या मालकांनी मान वळवून त्यांच्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. साहेबांनी विचारलं, खात्री आहे का बाई? तुमचंच नुकसान आहे यात.

“हाय ना ठावं,” मावशी म्हणाल्या. “पर हळद लावून गोदामायला दिलेलं हाय ते. दिलंच नाय, आसं कसं म्हनू?”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मग पलीकडच्या काठाचा एक म्हातारा म्हणाला, त्यानंही सोडले होते. मग त्याचा पुतण्या. मग एकामागून एक, कुणी नुसती मान हलवली, कुणी हात वर केला. मला तिथंच रडू फुटलं. आनंदाचं होतं की कशाचं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

पावसाळ्याचे दोन महिने शिवनेचं तोंड बंद करायचं ठरलं. बाहेर पडताना एक जण मावशींना ऐकू जाईल असं म्हणाला की हिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आमच्याही पाडला. मी धावत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांचे हात धरून उपकार मानायला लागले. त्यांनी हात सोडवून घेतले. म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही बोलले. आणि उपकार राहू दे, दोन महिने चुलीवर काय ठेवायचं ते सांग. मी साहेबांच्या मागं लागले, अर्ज केले, बंदीच्या काळात कुटुंबांना काहीतरी मिळावं म्हणून फेऱ्या मारल्या. कबूल झालं, पण मिळेल तेव्हा मिळेल असं.

पुढच्या पावसाळ्यात मावशी दुसऱ्यांच्या कापसात खुरपायला जात होत्या. त्यांचे मालक लांब फुगवट्यात जाळं टाकायचे, तिथं रोहू कमी आणि बाजारात स्वस्त जाणारा चिलापी मासाच जास्त. मी एकदा भेटायला गेले तर मालक माझ्याशी बोलले नाहीत. मी समजून घेतलं. मला खूप वाईट वाटत होतं आणि तरी रोज सकाळी उठून मी हवामानाचा अंदाज बघत होते, कन्नडकडं पाऊस झाला का, शिवनेला पाणी आलं का. माणसाचं मन एकाच वेळी दोन्हीकडं असतं, त्याला इलाज नाही.

एका सकाळी मी डबा भरत होते आणि मावशींचा फोन आला. बैठकीनंतर पहिल्यांदाच. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

“आलेत,” त्या म्हणाल्या. “ये.”

मी रजेचा निरोप धाडला, अर्धवट भरलेला डबा ओट्यावर टाकला आणि स्कूटर काढली. सासूबाई दारातून म्हणाल्या, नीट जा, आणि नीट मोज. वाळूजला गर्दी, पुढं चिखल, पण मी गंगापूर कधी मागं टाकलं ते कळलं नाही. मावशी तोंडाशी उंच काठावर उकिडव्या बसल्या होत्या. खुरपं बाजूला पडलेलं, त्या दिवसाचं खुरपण बुडालं होतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि खाली बघितलं.

उथळात नुसती उलथापालथ चालली होती. रोहू अंगाला अंग घासत वर सरकत होते, पाठी पाण्याबाहेर, शेपट्यांचे फटके, लाल गढूळ पाण्याचे शिंतोडे पार काठापर्यंत. एक थोराड मादी आमच्यापासून चार हातांवर गवतात शिरली आणि तिच्यामागं दोन नर. मधेच पिवळा दोरा दिसला. पुन्हा एक. मी मावशींचा दंड घट्ट धरला. तिथं ना जाळं होतं ना माणूस. चढणीच्या दिवसांत ते पाणी असं मोकळं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असणार. मग मी पिशवीतून मोजणीचं यंत्र काढलं, दर माशाला एकदा बटण दाबायचं तसलं, आणि मोजायला लागले.

“हात लई शिवशिवतेत गं,” मावशी म्हणाल्या.

मग मी म्हटलं, मावशी, तुम्हीही मोजा, दोघींचे आकडे ताडून बघू.

“नगं,” त्या म्हणाल्या. “तू मोज. म्या मोजले तर बाजारभावानं मोजीन.”

आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन त्या पाण्याकडं बघत बसल्या.